पंक्तीतील मासोळी : एका स्वस्त भोजनाचा इतिहास

राजेरजवाड्यांच्या लढाया आणि तह ह्यांनाच इतिहास म्हणावे, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु मनुष्य कोणाच्या शेजारी बसून जेवला, हाही इतिहासच होय. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तर त्याची नोंद अवश्य असावी. कारण रोटी आणि बेटी ह्यांच्या व्यवहाराच्या मर्यादा म्हणजेच ज्ञाती, असे आपले पूर्वज मानीत आले. म्हणून एका साध्या भोजनाचे निमित्त करून हा विषय ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात एका सायंकाळी आम्ही व आमचे एक बालमित्र उमरखेडातील एका लहानशा खाणावळीत मासोळी खावयास गेलो. मित्र भोई समाजाचे. त्यांचे वाडवडील पैनगंगेत जाळी टाकीत. ताटात तळलेला बांगडा, मरळीचा रस्सा, सुकटीची चटणी, ज्वारीची भाकरी आणि भात एवढे पदार्थ होते. दोघांचे मिळून जे पैसे झाले, ते एका मजुराच्या दिवसाच्या रोजाहून अधिक नव्हते. त्या ताटातील प्रत्येक पदार्थास आपापला इतिहास आहे.

सुकटीचा मान पहिला. समुद्र आपल्या गावापासून शेकडो मैल दूर. तो आपल्याकडे आला तो प्रथम वाळवलेल्या रूपात. कोकणच्या किनाऱ्यावर उन्हात वाळविलेले बोंबील आणि सुकट पोत्यांत भरून देशावरच्या व वऱ्हाडच्या आठवडी बाजारांत येत. गरिबाच्या भाकरीस त्यामुळे चव आली आणि न नासणारे कालवण मिळाले.

मरळ मात्र घरची. पैनगंगा ही १९४८ पर्यंत वऱ्हाड आणि निजामी मुलूख ह्यांच्यामधील सीमा होती. माणसांना ती अडवीत असे, माशांना नाही. पुढे ह्याच नदीवर इसापूरचे धरण झाले आणि जलाशयातील मासेमारीस वाव मिळाला. परंतु कटला, रोहू, मृगळ हे मासे बांधलेल्या पाण्यात आपोआप प्रजनन करीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज पुराच्या वेळी मोठ्या नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओरिसात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून तळ्यांना आणि धरणांना बीज पुरविणे शक्य झाले. समुद्रापासून दूर असलेल्या गावांत मासोळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, ह्याचे मोठे श्रेय त्या शोधास आहे.

बांगडा बर्फाच्या आधाराने आला. बर्फाचे कारखाने आणि मालमोटारी नसत्या, तर ताज्या बांगड्याचे दर्शनही आम्हास घडले नसते.

आता खुद्द खाणावळीविषयी. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाची गिरणी स्थापिली, आणि पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकण व देशावरची तरुण मंडळी कुटुंबे गावी ठेवून तेथे गेली. गिरणगावातील बायांनी त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घातले. ह्याच बायांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले. गिरगावात खोताच्या वाडीतील अनंताश्रमाने गोमंतकी पद्धतीची मासळी कैक वर्षे नोकरदारांना वाढली. आज ते बंद झाले आहे. त्या काळच्या पुष्कळ खाणावळींच्या पाट्यांवर मात्र ज्ञातीचे नाव असे, आणि रेल्वेच्या स्थानकांवर हिंदूंचे पाणी वेगळे, मुसलमानांचे वेगळे असे.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेने सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी असा मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. कायद्याने दार उघडले. परंतु आत गेल्यावर शेजारच्याची जात न विचारता जेवावयाचे, ही सवय लोकांना पुष्कळ अंशी खाणावळीच्या बाकाने लावली. पैसे देऊन बसलेल्या गिऱ्हाइकाचे कूळ विचारणे मालकास परवडत नाही.

जेवता जेवता मित्र हसून म्हणाले, "तुझ्या आजोबांना आमची मासोळी चालत होती, आमची पंगत चालत नव्हती." आम्ही निरुत्तर झालो, कारण बोलणे अर्धेच खरे होते. आमच्या घरी सांगतात की आजोबा तरुणपणी पैनगंगेच्या पुरात अडकले असता एका भोई कुटुंबाने त्यांना दोन दिवस आश्रय दिला, आणि ते त्यांच्याच पंक्तीस जेवले. परतल्यावर आपल्याच पंचांनी त्यांना दंड केला. दंड म्हणून साऱ्या ज्ञातीस जेवण घालावे लागले. ज्यांनी प्राण वाचविले, त्यांना त्या जेवणाचे बोलावणे नव्हते. आजोबांनी दंड भरला, परंतु नदीकाठच्या त्या घरी पुन्हा जाण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. ही खंत त्यांनी अखेरपर्यंत बाळगली.

अशा बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. म्हणजे हा प्रश्न आजोबांबरोबर संपला नव्हता.

आम्ही ही हकीकत मित्रास त्या रात्री प्रथमच सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग रश्श्याचे भांडे त्यांनी आमच्याकडे सरकविले. पैसे देण्यावरून नेहमीचा वाद झाला, तो त्यांनीच जिंकला.

ज्ञातिसंस्थेने शिष्यवृत्त्या द्याव्या, वसतिगृहे चालवावी, वृद्धांची काळजी घ्यावी. ही कार्ये थोर आहेत. त्यांच्या जोडीस एक लहान कार्य सुचवितो. आपल्या वार्षिक स्नेहभोजनास प्रत्येक कुटुंबाने ज्ञातीबाहेरचा एक तरी स्नेही सन्मानाने आणावा, आणि त्यास आपल्याच पंक्तीत बसवावे. आमच्या आजोबांकडून राहिलेले एक आमंत्रण तरी त्यामुळे पोहोचेल.