भाकरीसोबत काय? : शाळेच्या डब्यामागचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील एका शाळेत चौथीच्या वर्गाला मी एकदा छोटेसे काम दिले होते. उद्याच्या डब्याचा बेत करा, मात्र डबा समतोल हवा. मुलांनी मनापासून लिहिले. सफरचंद, ब्रेड, दूध, उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी, संत्र्याचा रस. तक्त्यावरील चित्रात जे जे होते ते सारे वह्यांत उतरले. ज्वारीची भाकरी मात्र एकाही वहीत नव्हती. असे का, म्हणून विचारले तर एक मुलगी म्हणाली, "सर, भाकर तर रोजचीच हाय. ती कशाला लिहायची?"

समतोल आहार म्हणजे आपल्या घरात नसलेला आहार, अशी समजूत नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात पक्की झाली होती. हा दोष तिचा नाही, आणि केवळ तिच्या शिक्षकांचाही नाही. गेल्या शंभर वर्षांत आहारशास्त्र ज्या वाटेने आपल्यापर्यंत आले, त्या वाटेत भाकरी खाणाऱ्याचे ताट आधी तोलले गेले, मग संशयात सापडले, आणि शेवटी शाळेच्या ताटातून ती भाकरी वगळलीच गेली. वर्गात 'आहार' हा पाठ शिकवणाऱ्याला ही वाट ठाऊक असलेली बरी.

सुरुवात निलगिरी पर्वतातील कुन्नूर या गावी होते. रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरने तिथे आहारविषयक संशोधन सुरू केले होते. जीवनसत्त्वांचा शोध तेव्हा ताजा होता. अमेरिकेत मॅकॉलम यांनी दूध आणि पालेभाज्या यांना 'संरक्षक अन्न' हे नाव नुकतेच, १९१८ साली, दिले होते. मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात एक साधा पण परिणामकारक प्रयोग केला. भारताच्या निरनिराळ्या भागांतील लोकांचे आहार त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना जसेच्या तसे खाऊ घातले. १४० दिवसांनंतर सरासरी वजने भरली ती अशी : शीख आहारावरील उंदीर २३५ ग्रॅम, पठाणी आहारावरील २३०, मराठा आहारावरील २२५, आणि उतरत उतरत मद्रासी आहारावरील १५५ ग्रॅम. संपूर्ण गहू, दूध, डाळी आणि भाज्या असलेला आहार वरच्या टोकाला होता, तर पॉलिश केलेला तांदूळ आणि फारसे दूध नसलेला खालच्या टोकाला. या आकड्यांना जातीजमातींची नावे चिकटल्यामुळे पुढे त्यांचा नको तसा वापरही झाला. उंदरांना अर्थातच आपण शीख की मद्रासी हे माहीत नव्हते. त्यांनी उत्तर दिले ते ताटातल्या पदार्थांबद्दल.

मॅकॅरिसन यांच्यानंतर १९३५ साली डब्ल्यू. आर. आयक्रॉइड कुन्नूरला आले. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य देणारी त्यांची पुस्तिका १९३७ साली निघाली. आज आपण पाठ्यपुस्तकांत जे कोष्टक पाहतो त्याचे मूळ तिथे आहे. या पुस्तिकेच्या नावाचा दुसरा भाग बहुतेकजण विसरले आहेत. तो होता समाधानकारक आहाराच्या नियोजनाविषयी. कोष्टक हे साधन होते, आणि लोक जे खातात त्यात थोडी भर घालून आहार पुरेसा कसा करावा, हा उद्देश. शाळांमध्ये आपण साधन तेवढे पाठ करून घेतले.

आता ज्वारीकडे वळू. परभणी हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. या साऱ्या दख्खनच्या पठारावर कष्टकऱ्याचे मुख्य अन्न ज्वारी. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली (हीच १९६९ पासूनची राष्ट्रीय पोषण संस्था), तेव्हा तेथील संशोधकांना ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत एक चमत्कारिक रोग दिसला. उन्हाला उघड्या राहणाऱ्या हातापायांवर आणि गळ्याभोवती काळे, खरबरीत चट्टे, जुलाब, आणि पुढे मनाचा तोल जाणे. हा पेलाग्रा.

पेलाग्रा जगाला माहीत होता तो मक्याचा रोग म्हणून. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाने होत नसून आहारामुळे होतो हे दाखवले होते, आणि १९३७ साली त्यावर नायसिन हे जीवनसत्त्व लागू पडते हे कळले होते. मक्यातील नायसिन शरीराला सहजासहजी मिळत नाही, आणि ज्यापासून शरीर नायसिन तयार करते ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही त्यात कमीच. पण ज्वारीची गोष्ट तशी नाही. तिच्यातील नायसिन मक्याप्रमाणे अडकलेले नसते आणि ट्रिप्टोफॅनही इतके कमी नसते. मग पेलाग्रा का?

सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये एक कल्पना मांडली. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते, आणि त्यामुळे नायसिनच्या चयापचयात अडथळा येतो. कुत्र्यांवर आणि माणसांवर प्रयोग झाले. पुढे ब६ जीवनसत्त्वाचाही यात हात असल्याचे दिसून आले. इतर देशांतील काही संशोधकांना ल्युसिनची कल्पना पुरेशी पटली नाही, आणि हा वाद पूर्ण मिटला असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होती. पेलाग्रा ज्वारी खाणाऱ्या सर्वांना होत नव्हता. ज्यांच्या ताटात ज्वारीखेरीज जवळजवळ काहीच नव्हते, त्यांना तो होत होता. भाकरीसोबत वरण, दूध, थोडे मांस किंवा शेंगदाणे असतील तर ल्युसिन निरुपद्रवी ठरत होते.

असे असूनही ज्वारी बदनाम झाली ती झालीच. 'गरिबाचे धान्य' हा शिक्का आधीच होता, त्यात 'रोग देणारे धान्य' ही कुजबुज मिसळली. त्यातच १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो खावा लागला. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना त्याची चव आजही आठवते, आणि ती चांगली म्हणून नव्हे! हा मिलो म्हणजे ज्वारीचाच परदेशी भाऊबंद. त्याच वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले, ज्याला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे.

त्या काळात जगभर एका वेगळ्याच टंचाईचा गाजावाजा चालू होता. गरीब देशांतील मुलांना प्रथिने कमी पडतात, म्हणून प्रथिनांच्या पावडरी, बिस्किटे, माशांचे पीठ पुरवा, असा तो आग्रह. या आग्रहाला आकड्यांनी उत्तर देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. त्यांनी दाखवले की धान्य आणि डाळ खाणाऱ्या भारतीय मुलाला त्याचे नेहमीचे अन्न पोटभर मिळाले, तर बहुतेक वेळा प्रथिने आपोआप पुरेशी होतात. अन्नच कमी पडले तर शरीर प्रथिनांचेच सरपण करते, आणि मग वरून दिलेली पावडरही चुलीतच जाते. गोपालन हैदराबादला रुग्णांच्या पाहणीतून याच निष्कर्षावर आले होते. सुखात्मे यांच्या नंतरच्या काही मतांवर कडाक्याचे वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते, पण हा मूळ मुद्दा टिकला.

यात डब्यासाठी एक बारकावा आहे. लहान मुलाचे पोट लहान. नुसत्या भाकरीने ते भरते, पण लागणारी ऊर्जा त्यात मावत नाही. म्हणून भाकरीवर तेल घालून दिलेली शेंगदाण्याची चटणी ही केवळ तोंडीलावणे नसते. थोड्या जागेत जास्त ऊर्जा भरण्याची ती युक्ती आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली. आपल्याकडे प्रथम ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्नच द्यावे, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले, असा आदेश दिला आणि शाळाशाळांतून खिचडी शिजू लागली. २००६ साली हे प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे वाढले. २००९ पासून प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हिशेब ठरला. कोट्यवधी मुलांची दुपारची भूक या खिचडीने भागवली आहे, आणि तिला नाके मुरडणाऱ्यांनी उपाशी पोटी गणिताचा तास बसून पाहावा. तरीही ज्वारीच्या जिल्ह्यात शाळेचे ताट तांदळाचे झाले, ते आहारशास्त्राच्या सल्ल्याने नव्हे. सरकारी गोदामांत तांदूळ होता, म्हणून.

हा हिशेब पाचवी ते सातवीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. तांदूळ १०० ग्रॅम : ३४५ कॅलरी, ६.८ ग्रॅम प्रथिने. तूरडाळ २० ग्रॅम : ६७ कॅलरी, ४.५ ग्रॅम. तेल ५ ग्रॅम : ४५ कॅलरी. बेरीज ४५७ कॅलरी आणि ११.३ ग्रॅम प्रथिने. उरलेले भाजी भरून काढते. सरकारी आकडा कुठून आला हे मुलांना स्वतःच सापडते, आणि त्यांना त्याची फार गंमत वाटते. मग तांदळाच्या जागी ज्वारी ठेवावी. पीठ ७५ ग्रॅम : २६२ कॅलरी, ७.८ ग्रॅम प्रथिने. तेवढीच डाळ आणि तेवढेच तेल. वर १० ग्रॅम शेंगदाण्याची चटणी : ५७ कॅलरी, २.५ ग्रॅम. बेरीज ४३१ कॅलरी, १४.८ ग्रॅम. ऊर्जा ज्वारीकडे थोडीशीच कमी पडते आणि प्रथिने ज्वारीकडे जास्त भरतात.

केवळ वजन नव्हे, जोडीही महत्त्वाची. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. आपल्या धपाट्यात ज्वारीच्या पिठात बेसन आणि तीळ कुणी आणि कधी मिसळले ते कोणी लिहून ठेवलेले नाही, पण अमिनो आम्लांची नावे ठरण्यापूर्वीपासून ते चालू असावे. लोहाचेही असेच आहे. ज्वारीत लोह पॉलिश केलेल्या तांदळाच्या कितीतरी पट आहे, मात्र तिच्यातील फायटेटमुळे त्यातले थोडेच शरीरात शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते, आणि जेवणावर चहा घेतला तर घटते. परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत विकसित केलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ साली आला. त्यात नेहमीच्या वाणांच्या सुमारे दीडपट लोह आणि जस्त असून फायटेट कमी आहे. पण तोवर जिल्ह्यातील बरेच ज्वारीचे रान सोयाबीन आणि कापसाखाली गेले होते.

पुढच्या वेळी त्या वर्गात गेलो तेव्हा मी प्रश्न बदलला. फळ्यावर मधोमध 'भाकरी' लिहिले आणि विचारले, हिच्यासोबत काय? या वेळी वर्गात कालवाच झाला. वरण, पिठले, अंबाडीची भाजी, हिवाळ्यातला हरभऱ्याचा घोळाणा, करडईची भाजी, तीळ-जवस-कारळाच्या चटण्या, ताक. कोणत्या महिन्यात काय मिळते याचा तक्ता मुलांनीच मांडला. एप्रिल-मेच्या रकान्यात हिरवे जवळजवळ काहीच नव्हते, आणि हे त्यांच्याच लक्षात आले. क जीवनसत्त्वासाठी भाजीवर लिंबू पिळा, असे मी सांगितल्यावर तीच मुलगी म्हणाली, "लिंबू इकत आणावं लागतं सर. चिंच चालंल का?"

प्रश्न चांगला होता. चिंच आंबट असली तरी तिच्यात क जीवनसत्त्व नगण्यच असते, हे सांगताना मला थोडे वाईट वाटले. मग आम्ही मिळून कोष्टक उघडले. संत्रे : १०० ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम. पेरू : २१२. आवळा : ६००. पेरूचे झाड शाळेच्या हातपंपाशेजारीच होते.