छोट्या गाडीत चाइल्ड सीट मावते का?

नगर–सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावातून नगरला निघालं की बाळ बहुधा आजीच्या मांडीवर. ताशी 50 किमी वेगात गाडी धडकली, तर 10 किलोचं बाळ क्षणभर सुमारे 300 किलोंच्या जोरानं पुढे फेकलं जातं. ते हातांनी धरून ठेवणं अशक्यच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा चाइल्ड सीट हवी. नसेल तर दंड.

खरी अडचण जागेची आणि पैशांची. अल्टो के10 बाहेरून 1,490 मिमी रुंद, एक सीट साधारण 440 मिमी. दोन मुलांच्या दोन सीट लावल्या की मधे आजी कशीबशीच बसणार! पुढची एअरबॅग चालू असेल, तर मागे तोंड असलेली सीट पुढे कधीच लावू नये. मूल वाढलं की सीटही बदलते, म्हणून विकत घेण्याआधी ती आपल्याच गाडीत बसवून बघावी.