पेशीपृष्ठफळ-मापन

पेशीपृष्ठफळ-मापन : सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशीच्या सपाट प्रतिमेवरून तिच्या समग्र बाह्य पटलाचे क्षेत्रफळ अनुमानाने ठरविण्याची पद्धती. अन्न व प्राणवायू यांची आवक आणि त्याज्य द्रव्यांची जावक याच पटलातून होत असल्यामुळे, घनफळाच्या मानाने पृष्ठफळ किती, यावर पेशीच्या वाढीची मर्यादा अवलंबून असते.

कर्करोगाच्या निदानात, पेशीच्या मानाने तिचे केंद्रक किती मोठे झाले आहे, हे जे पाहिले जाते, ते दृष्टीस पडणाऱ्या छायेचे क्षेत्र होय, पृष्ठफळ नव्हे. आणि हा भेद नजरेआड झाला म्हणजे पुढील सारा हिशेब मुळातच चुकतो.

मोजणीपूर्वी नेत्रिकेतील पट्टीचा एक भाग म्हणजे किती अंतर, हे प्रत्येक पदार्थभिंगासाठी स्वतंत्रपणे, एका मिलिमीटरचे 100 भाग कोरलेल्या प्रमाण-काचपट्टीवरून मुक्रर करावे लागते. कोणत्याही बहिर्वक्र घनाकृतीच्या, सर्व दिशांनी घेतलेल्या छायांची सरासरी तिच्या पृष्ठफळाच्या चतुर्थांश असते, हा कोशी या फ्रेंच गणितज्ञाचा सिद्धांत येथे फार उपयोगी पडतो. परंतु तांबडी रक्तपेशी दोन्ही अंगांनी खोलगट असून काचपट्टीवर बहुधा आडवीच पडते, म्हणून तिला तो लागू करणे सर्वथा गैर होय. इव्हान्स व फंग यांनी 1972 साली व्यतिकरण-सूक्ष्मदर्शकाने केलेल्या मापनात या पेशीचा व्यास सुमारे 7.8 मायक्रोमीटर व पृष्ठफळ सुमारे 135 चौरस मायक्रोमीटर भरले. दिसणाऱ्या चकतीचे क्षेत्र जेमतेम 48. त्याची चौपट करणारा 190 च्या वर जातो, तर तेवढ्याच घनफळाचा गोल कल्पणारा 100 पाशीच थांबतो. गोलाहून अधिक असलेले हे पटलच तिला स्वतःच्या व्यासाहून अरुंद केशवाहिन्यांतून, न फाटता, वाकून जाऊ देते.

ऊतींच्या छेदांवर यदृच्छ रेषा टाकून, रेषेच्या एकक लांबीत पेशीसीमांशी होणाऱ्या छेदनांची संख्या दुप्पट केली असता एकक घनफळातील पृष्ठफळ मिळते. मात्र फॉर्मॅलिन व पॅराफिन यांमुळे ऊती आकसते, ती तूट भरून काढावी लागते. संगणकाने एकावर एक छेद रचून उभारलेल्या प्रतिमेत घनांच्या उघड्या बाजू नुसत्या मोजल्यास, घन कितीही बारीक केले तरी, गोलाचे पृष्ठफळ दीडपट येते. कारण पायऱ्यांचे क्षेत्र उतारापेक्षा नेहमीच अधिक भरते.

साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकास सुमारे 0.2 मायक्रोमीटरहून जवळचे बिंदू पृथक् दिसत नाहीत, आणि पटलावरील सूक्ष्मांकुर त्याहूनही बारीक असतात. म्हणून पद्धतीचा उल्लेख नसलेला पृष्ठफळाचा आकडा दप्तरी दाखल करू नये.