चांगलं सोलाणं कोणतं? स्वयंपाकघरातल्या एका प्रश्नाचा इतिहास

दिवाळीला नांदगावला घरी निघालो तेव्हा आईचा फोन आला. “येताना एक चांगलं सोलाणं घेऊन ये. घरातली दोन्ही कामाची नाहीत.” मी दुकानातलं सगळ्यात महागडं आणि चकचकीत उचललं. आईनं त्यानं अर्धा दुधी सोलला, अंगठा चोळला आणि ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. आजी तेव्हा खाली बसून विळीवर गंगाफळ (तुमच्याकडचा लाल भोपळा) चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला खाली बसता येत नाही ना, म्हणून असलं लागतं.”

“सर, संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?” असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. (मी अजून सर झालेलो नाही, पण असो.) मला तो त्या दिवशी असा सापडला. आईचा प्रश्न खरेदीचा होता. आजीचं वाक्य मात्र चक्क गृहीतक होतं: हत्यार बदललं, कारण बसण्याची रीत बदलली. हे गृहीतक तपासायचं कसं, त्यात मी कुठे चुकलो आणि शेवटी आईला काय आणून दिलं, ते या लेखात सांगतो.

आधी क्रियापदं गोळा करा

वस्तूचा इतिहास शोधताना आपण वस्तूचं नाव शोधत बसतो. इथे तीच पहिली अडचण आहे, कारण नावच पक्कं नाही. कुणी सोलाणं म्हणतं, कुणी सालकाढणं, दुकानदार पिलर म्हणतो. नाव असं डळमळीत असलं की वस्तू घरात उशिरा आली असावी, अशी शंका घ्यायला जागा असते. शंकाच हं, पुरावा नव्हे.

क्रियापदं मात्र जुनी आणि नेमकी आहेत. आपण मटार सोलतो, गाजर तासतो, आलं खरवडतो, मेथी निवडतो, कांदा चिरतो, नारळ खवतो, काकडी कोचवतो. प्रत्येक शब्दामागे हाताची वेगळी हालचाल आहे. मटार आणि लसूण सोलायला तर हत्यारच लागत नाही, बोटं पुरतात. उकडलेल्या बटाट्याचंही तसंच. म्हणजे ‘सोलणे’ हे क्रियापद जुन्या मजकुरात दिसलं, तर तिथे सोलाणं होतं असं मानू नका. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. तो उघडाल तेव्हा नामं शोधा, पण क्रियापदांसाठी वेगळी वही करा.

विळी: पातं स्थिर, भाजी फिरती

आता आजीच्या विळीकडे बघू. लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, आणि बऱ्याच विळ्यांना टोकाशी नारळ खवायची दातेरी खवणी. पाटावर पाय किंवा गुडघा दाबून बसायचं. म्हणजे विळी धरायचं काम पायाचं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. पातं जागचं हलत नाही, भाजी त्यावर फिरवायची. काम झालं की विळी आडवी करायची, नाहीतर घरातल्या मोठ्यांची बोलणी खायची.

सोलाण्यात हे सगळं उलटं होतं. भाजी एका हातात स्थिर आणि पातं दुसऱ्या हातात फिरतं. पायाचा आणि अंगाच्या वजनाचा काही उपयोग नाही. सगळा जोर बोटांवर, अंगठ्यावर आणि मनगटावर येतो. आईनं अंगठा का चोळला याचं उत्तर इथेच आहे, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं. कारण साधं आहे. मी विळीवर कधी बसलोच नव्हतो. आमच्या घरात ते काम मुलींना शिकवलं जायचं, मला नाही. आपल्या विषयातलं काम आपण हातानं केलेलं नसेल तर ते वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कुठे आंधळेपणा होईल, ते तिथून कळतं.

तिकडे बटाटा, इकडे दोडका

सोलाण्याचा जो इतिहास सहज सापडतो तो युरोपचा आहे. फ्रान्समधलं तिएर हे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथे १९२०च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्तोर पूझे यानं सरळ दांड्याचं सोलाणं बनवलं. त्याचं नाव ‘एकोनोम’, म्हणजे काटकसरी. साल पातळ निघते, बटाटा वाया जात नाही, म्हणून हे नाव. पुढे स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेड नेवेचेर्झाल यानं घोड्याच्या नालासारख्या आकाराचं ‘रेक्स’ सोलाणं आणलं. त्याचं पेटंट १९४७चं. पातं दांड्याला आडवं आणि जरासं डुलणारं, त्यामुळे ते भाजीच्या उंचसखल अंगावरून फिरतं. हे सोलाणं तिथे इतकं घरोघरी पोचलं की २००४ साली स्विस टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं.

या दोन्हींच्या मागे कच्चा बटाटा उभा आहे. रोज ढीगभर कच्चे बटाटे सोलायचे असतील तर सालीची जाडी हा पैशाचा प्रश्न होतो. आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांच्या काळात आला, शब्दही त्यांच्याकडूनच आला. पण आपण तो बहुतेक वेळा सालीसकट उकडतो आणि मग बोटांनी सोलतो. काचऱ्या करायच्या तर कित्येक घरांत साल ठेवतात. म्हणजे तिकडे ज्या गरजेतून सोलाणं सुधारत गेलं, ती गरज इकडे तितकी तीव्र नव्हती. आपल्याकडे सालं निघतात ती दुधीची, काकडीची, गाजराची, कैरीची आणि दोडक्याच्या शिरांची.

या शिरांनी माझी एक समजूत मोडली. आईचं जुनं सोलाणं साल जाड काढतं म्हणून ते वाईट, असं मी वहीत लिहिलं होतं. आजीनं ऐकलं आणि हसली. दोडक्याच्या शिरा ती मुद्दाम जरा जाड काढते. तीळ, शेंगदाणे, मिरची घालून त्यांची चटणी होते. पातळ साल काढणारं हत्यार हे ‘एकोनोम’च्या घरात काटकसरीचं. आमच्या घरात जाड निघालेली शीरही वाया जात नाही, कारण ती ताटात परत येते. ‘कार्यक्षम’ हा शब्द वापरण्याआधी कचरा कशाला म्हणतात ते त्या घरात विचारा.

सिलिंडर आणि ओटा

मग आजीच्या गृहीतकाचं काय? स्वयंपाक जमिनीवरून उठला कधी आणि का?

चूल जमिनीवर होती तेव्हा चिरणं, मळणं, वाटणं, वाढणं सगळं जमिनीलगत होतं. विळी त्या जगात चपखल बसत होती. घरगुती गॅस मुंबईत १९५५च्या सुमारास बर्मा शेल कंपनीनं विकायला सुरुवात केली. इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ साली कोलकात्यात सुरू झाला. आता एक साधी तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. सिलिंडर जमिनीवर उभा ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच असायची, हा सुरक्षिततेचा नियम आहे. शेगडी वर गेली की ती ठेवायला ओटा लागतो. ओट्यापाशी उभं राहावं लागतं. कढईत फोडणी तडतडत असताना खाली बसून चिरायचं आणि पुन्हा उठायचं, हे दिवसातून किती वेळा करणार? मग सुरी, चॉपिंग बोर्ड आणि सोलाणं ओट्यावर आलं. विळी खाली राहिली.

ही साखळी मला इतकी आवडली की मी ती सिद्ध झाली असं धरूनच चाललो. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: “गॅस आला म्हणजे ओटा झाला, हे तुला कुणी सांगितलं?” बरोबर होतं. मुंबईच्या फ्लॅटचा क्रम मी नांदगाव तालुक्यातल्या वस्तीवर लादत होतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ग्रामीण भागात जोडण्या वाढल्या. पण जोडणीची नोंद असलेल्या घरात ओटा आहे का, चूल अजून पेटते का, भाजी कुठे बसून चिरतात, हे त्या नोंदीत नसतं. ते घरात जाऊनच बघावं लागतं.

दुसरी चूक ‘जागा घेतली’ या शब्दांची. सोलाण्यानं विळीची जागा घेतली, असं मी लिहिलं होतं. आमच्याच घरात ते खोटं होतं. दुधी आणि गाजर आई ओट्यावर सोलते. गंगाफळ, कोबी, नारळ आणि पाहुण्यांसाठीची ढीगभर भाजी अजून विळीवर होते. हत्यारं बदलत नाहीत, कामं वाटून घेतात. कोणतं काम कुठे गेलं आणि कोणाकडे गेलं, हा खरा प्रश्न.

पुरावा कुठे आहे, आणि कुठे नाही

साधनं तपासताना प्रत्येक साधन कोणासाठी बनलं होतं, ते विचारत चला.

नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३चं. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल वाचायला ते जरूर उघडा. पण ते प्रशासनासाठी लिहिलेलं आहे, दुधी सोलणाऱ्या हातासाठी नव्हे. पाककृतींची पुस्तकं घ्या: लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची. पाककृती सहसा ‘साल काढून फोडी करा’ एवढ्यावर थांबते. कशानं काढा, ते वाचणारीला माहीत आहे असं लेखिका धरून चालते. शिवाय ही पुस्तकं वाचून स्वयंपाक करणारी घरं कोणती, हेही विसरू नका. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तू फार सुंदर आहेत, अडकित्ते तर बघतच राहावेत. पण संग्राहकाच्या हाताला देखणी वस्तू आधी लागते. रोजच्या वापरात झिजून गेलेली विळी भंगारात जाते.

आणि पेटंट. पूझे आणि नेवेचेर्झाल ही नावं मला मिळाली, कारण तिथे शोधाची कागदोपत्री नोंद झाली. विळीला असा शोधकर्ता नाही. ती लोहारानं घडवली, नाहीतर गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांनी. बाजाराच्या वाटेवर पाल ठोकून, भाता लावून विळे, खुरपी, कोयते घडवणारे आणि जुन्याला धार लावून देणारे हे लोक. पातं बोथट झालं की विळी त्यांच्याकडे जायची आणि परत यायची. बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या सोलाण्याला धार लावायला कोण जाणार? बोथट झालं की टाकायचं. म्हणजे सोलाण्याबरोबर स्वयंपाकघर आणि भट्टी यांच्यातलं एक नातंही सैल झालं. फक्त पेटंटवरून इतिहास लिहिला तर त्यात दोन परदेशी पुरुष दिसतील. ज्यांनी पाती घडवली ते घिसाडी दिसणार नाहीत, आणि ज्यांनी त्यांवर आयुष्यभर भाजी चिरली त्या बायकाही नाहीत.

मग आईसाठी कोणतं?

१९९० साली अमेरिकेत ऑक्सो कंपनीनं जाड, मऊ रबरी मुठीची हत्यारं आणली. संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, नेहमीचं बारीक दांड्याचं सोलाणं त्यांना धरवत नव्हतं. तिथून ती मूठ सुचली. म्हणजे ‘चांगलं कोणतं’ याच्या आधी त्यांनी ‘कोणाच्या हाताला’ हे विचारलं. मी दुकानात किंमत विचारली होती.

दुसऱ्या खेपेला मी आईशेजारी ओट्यापाशी उभा राहून स्वतः दुधी, गाजर आणि कैरी सोलली. मग वहीत चार ओळी लिहिल्या. मूठ जाड हवी, म्हणजे अंगठ्याला आवळून धरावं लागत नाही. पातं आडवं आणि डुलणारं हवं, म्हणजे दुधीच्या वळणावर मनगट मुरडावं लागत नाही. पात्याला दोन्ही बाजूंनी धार हवी, कारण आई डावरी आहे आणि घरातली जुनी सोलाणी एकाच बाजूनं कापणारी, उजव्या हाताची होती. ही गोष्ट मला इतकी वर्षं त्या घरात राहून लक्षात आली नव्हती. आणि गंगाफळाला सोलाणं लावायचंच नाही.

असं सोलाणं नांदगावच्या बाजारातच मिळालं, पहिल्यापेक्षा बरंच स्वस्त. आई ते वापरते. दोडक्याच्या शिरा मात्र आजीकडेच जातात, विळीवर.

पुढच्या लेखाआधी एक काम करा. घरातली एक वस्तू निवडा. तिची सगळी क्रियापदं लिहा, ती वापरताना शरीर कसं असतं ते लिहा, उरतं काय आणि ते जातं कुठे ते लिहा. मग ती स्वतः अर्धा तास वापरा. ग्रंथालयात त्यानंतर जा.