साष्टी : सहासष्ट गावांचे बेट

वसईची खाडी, ठाण्याची खाडी, माहीमची खाडी आणि पश्चिमेचा अरबी समुद्र यांनी चहूकडून वेढलेली जी भूमी आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांच्या नावांनीच ओळखली जाते, तिचे पूर्वापार नाव साष्टी. आणि हे नाव बेटाचे असूनही त्यात पाण्याचा निर्देशही नसावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. शिलाहारांच्या लेखांत हा प्रदेश षट्षष्टि म्हणून येतो. षट्षष्टि म्हणजे सहासष्ट, आणि ही गणना गावांची. लोकांच्या मुखी त्याचेच पुढे साष्टी झाले.

वास्तविक ही भूमी पूर्वी एकसंधही नव्हती. जुहू, वेसावे, मढ, मनोरी, गोराई, पूर्वेकडे ट्रॉम्बे अशी लहानमोठी बेटे खाड्यांनी आणि खाजणांनी तिच्यापासून तुटलेली होती, म्हणजे हा एक द्वीपसमूहच होता. ज्याच्या दोन्ही अंगांस पाणी ते द्वीप, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती असून, त्यातील ‘अप्’चे, म्हणजे पाणी या अर्थाच्या शब्दाचे, ‘ईप’ कसे होते हे पाणिनीने नियम करून सांगितले आहे. युरोपीय भाषांतील आर्किपेलागो हा शब्द मात्र मुळात समुद्राचा: मध्ययुगीन इटालियन नाविक ईजियन समुद्राला त्या नावाने ओळखीत, आणि त्या समुद्रात बेटांची दाटी असल्यामुळे ते नाव कालांतराने बेटांच्या समूहावर स्थिरावले. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने या किनाऱ्यावर नोंदविलेले हेप्टानेसिया, म्हणजे सात बेटे, हे सामान्यतः मुंबईचेच वर्णन मानतात. तेही गलबतावरून दिसणाऱ्या किनाऱ्याचे नाव होय.

भूमीवर राहणाऱ्याची आणि तिचा सारा वसूल करणाऱ्याची दृष्टी याहून निराळी. ओहोटीला पायी उतरता येणाऱ्या खाडीपेक्षा भाताची खाचरे, मिठागरे, माड आणि कोळ्यांच्या होड्या त्याच्या हिशेबी अधिक मोलाच्या. म्हणून त्याने गावे मोजली. गोव्यात हा भेद अगदी उघड दिसतो. मांडवी आणि झुआरी यांच्या मधल्या प्रदेशाला पोर्तुगीज इल्याश, म्हणजे बेटे, म्हणत, तर रहिवाशांच्या लेखी ती तीस वाड्यांची तिसवाडी. आणि तिच्या दक्षिणेची साष्टीही परंपरेने सहासष्ट गावांचीच.

उत्तरेकडील आपली साष्टी 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह पोर्तुगीजांना दिली, तेव्हा त्यांनी नाव बदलले नाही, केवळ त्याचा उच्चार साल्सेत असा केला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी परत मराठी अमलाखाली आली. परंतु 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ती हिसकावून घेतली, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जोनाथन डंकनच्या अमदानीत शीवचा बांध झाला, 1845 साली लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीने माहीमचा रस्ता झाला, 1853 मध्ये बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धावली, आणि पाहता पाहता बेटपण लयास गेले. 1920 साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा निघाला; 1957 साली मुलुंड व दहिसरपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईत आला. ‘उपनगर’ या नव्या संज्ञेत ना पाणी राहिले, ना गावांची संख्या. भूमीची ओळखच शेजारच्या नगरावरून ठरू लागली, हे मला मनापासून खुपते.

सुदैवाने महसुली दप्तर अधिक स्मरणशील आहे. गगनचुंबी इमारतीतील सदनिकेच्या खरेदीखतातही मौजे मरोळ, मौजे एकसर, मौजे नाहूर, मौजे किरोळ अशीच नावे लिहावी लागतात. आणि त्यांतले मागाठाणे तर कान्हेरीच्या लेखात, बौद्ध संघाला दान दिलेल्या शेताच्या संदर्भात, मंगलस्थान म्हणून आधीच नोंदले गेले आहे.