सुटं केलेलं रेशीम

घानातल्या कुमासी शहराजवळ बोनविरे नावाचं गाव आहे. केंटे या कापडाची कुळकथा तिथले विणकर अशी सांगतात: गावचे दोघे जण रानात शिकारीला गेले, त्यांनी अनान्से या कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि घरी येऊन माग उभारला.

कथा गोड आहे, पण अरुंद पट्ट्या विणून त्या शेजारीशेजारी शिवण्याचं तंत्र या भागातल्या अशांती राज्यापेक्षा कितीतरी जुनं. मालीमधल्या बांदियागाराच्या कड्यातल्या गुहांत अशा सुती पट्ट्यांची कापडं सापडली आहेत, त्यातली सर्वांत जुनी अकराव्या शतकातली. व्यापाऱ्यांच्या वाटेने ही कला दक्षिणेत उतरली असावी.

अशांतींनी तिच्यात घातलं ते रेशीम, आणि मला केंटेच्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. राजा ओपोकु वारे परदेशी रेशमी कापड विकत घेई, त्याचे धागे सुटे करवून घेई आणि आपल्या विणकरांकडून नव्याने विणवून घेई. डॅनिश व्यापारी रोमर याने १७६० साली छापलेल्या वृत्तांतात ही हकिगत आहे. आयता मिळालेला माल तसाच अंगावर घेणं राजाला सहज जमलं असतं. त्याला आपल्या मागावरचं कापड हवं होतं.

विणण्याचं काम परंपरेने पुरुषांचं. ताणा विणकरापुढे लांबवर पसरलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक दगड ठेवलेल्या फळीला बांधलेलं. पट्टी विणली जाईल तसा दगड सरकत जवळ येतो. पायाच्या बोटांत दोऱ्या धरून विणकर ताण्याचे धागे वरखाली करतो. साध्या विणीसाठी दोऱ्यांची एक जोडी, नक्षीसाठी दुसरी. ही दुसरी जोडी सहा-सहा धागे एकदम उचलते, त्यामुळे बाणा दाटून बसतो, ताणा झाकला जातो आणि रंगाचा भरीव चौकोन उमटतो. पट्टी जेमतेम चार इंच रुंद. पुरुषाच्या वस्त्राला अशा सुमारे २४ लागतात.

नक्षींना नावं असतात. एका नक्षीला राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा आणि त्यांची पत्नी फातिया यांच्या जोडीचं नाव होतं. १९६६ साली लष्कराने त्यांची सत्ता उलथवल्यावर त्याच नक्षीला ‘एकटा माणूस राज्य चालवत नाही’ अशा अर्थाचं नाव मिळालं.

२०२४ साली युनेस्कोने केंटेची विणकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. बाजारात मात्र छापील नकला उदंड आहेत. कधी घ्यायची वेळ आली तर कापड उलटून पाहा. पट्ट्या जोडल्याची शिवण नसेल, तर ते हातमागाचं केंटे नव्हे.