हिमालयातील हमालाचा करार

गिर्यारोहणाचा इतिहास आपल्याकडे शिखरांच्या उंचीने सांगितला जातो. अमक्या साली अमके शिखर सर झाले, अमक्या वीराने झेंडा रोवला, अमका परतला नाही, अशी ती बखर असते. आम्ही तोच इतिहास खालच्या टोकाकडून सांगणार आहोत. म्हणजे मोहीम निघण्यापूर्वी ज्या अंगणात हमालांची रांग लागते आणि साहेब एकेकाकडे बोट दाखवून 'तू ये' म्हणतो, त्या अंगणापासून. मोहिमेतील पहिला व्यवहार तो. तंबू ठोकण्याआधी माणूस ठरवावा लागतो, त्याचा रोज ठरवावा लागतो, ओझे ठरवावे लागते; आणि तो डोंगरावर मेला तर त्याच्या घरच्यांचे काय, हेही ठरवावे लागते. यांतील पहिल्या तीन गोष्टी फार लवकर ठरल्या. चौथीचे भांडण अजून चालू आहे.

आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. बाजारपेठेतील हमालांच्या संघटनेत आयुष्य गेले आणि वाचन झाले ते रात्री, सभा संपल्यावर. त्यामुळे कोणतेही प्रवासवर्णन हाती आले की आमची नजर आधी रोजाचा आकडा शोधते. लेखकाला सूर्योदय दिसतो. आम्हांस, त्याची ट्रंक कोणी वाहिली, हा प्रश्न पडतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंगची टेकडी घेतली. पुढे तेथे थंड हवेचे ठिकाण वसले, रस्ते झाले, चहाचे मळे झाले, आणि या कामांसाठी नेपाळातून माणसे येऊ लागली. त्यांत एव्हरेस्टच्या दक्षिणेस सोलुखुंबू भागात राहणारे शेर्पाही होते. शेर्पा याचा अर्थ पूर्वेकडचे लोक. ते जमातीचे नाव आहे, धंद्याचे नव्हे. परंतु पुढे साहेबांच्या तोंडी ते धंद्याचेच नाव झाले. मुंबईत एके काळी घाटावरून आलेल्या माणसाला आणि ओझे वाहणाऱ्याला मिळून 'घाटी' हा एकच शब्द वापरीत, तसाच हा प्रकार. या शेर्पांचा उंचीवर टिकाव लागतो हे प्रथम नीट ओळखले ते अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. १९०७ पासून तो मोजक्या शेर्पांना बरोबर घेऊन सिक्कीमच्या शिखरांवर जात असे. एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणी-मोहिमेत, १९२१ साली, तिबेटातील वाटेवर त्याचा अंत झाला. त्याने दाखविलेली माणसे मात्र त्या मोहिमेबरोबर पुढे गेली.

नेपाळचे दरवाजे त्या काळी परक्यांना बंद होते. म्हणून एव्हरेस्टची वाट दार्जिलिंगहून तिबेटमार्गे वळसा घालून जाई, आणि माणसे नेमण्याचा बाजारही दार्जिलिंगलाच भरे. मोहीम येणार अशी कुणकुण लागली की सोलुखुंबूतील तरुण डोंगर ओलांडून पायी दार्जिलिंग गाठीत. निवड झाली तर ठीक. नाही तर तोच रस्ता परत, किंवा रिक्षा ओढणे.

१९२२ ची मोहीम या इतिहासात फार महत्त्वाची आहे. ७ जून रोजी मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे चौदा हमालांना घेऊन नॉर्थ कोलच्या उतारावर चढत होते. नुकताच ताजा बर्फ पडलेला होता. उतार सुटला आणि नऊ हमाल खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत काढता आले, सात गेले. एकाही इंग्रजाला इजा झाली नाही. ही एव्हरेस्टवरील पहिली मोठी दुर्घटना. तिचे सर्व बळी पगारी माणसे होती. सॉमरवेलने पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले, की त्या सातांबरोबर आमच्यापैकी एखादा गेला असता तर बरे झाले असते, म्हणजे संकटात आम्हीही वाटेकरी होतो हे या लोकांना दिसले असते. हा माणूस पुढे त्रावणकोरातील नेय्यूर येथे मिशनच्या दवाखान्यात शल्यवैद्य म्हणून वर्षानुवर्षे राबला. त्याच्या शब्दांत आम्हांस ढोंग दिसत नाही.

परंतु श्रोतेहो, धंद्याच्या भाषेत या घटनेचा अर्थ काय? उतार धोक्याचा आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार पुढच्या तिघांचा होता. मागच्या चौदांनी रोज घेतला होता, तेव्हा त्यांचे मत कोणी विचारायचे? आमच्या गोदामांतून हेच चालते. थप्पी किती उंच रचायची हे मालक ठरवितो. ती कोसळते तेव्हा खाली हमाल असतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, त्याच नॉर्थ कोलवर चार हमाल अडकून पडले, तेव्हा नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरवेल जीव धोक्यात घालून वर गेले आणि चौघांनाही खाली घेऊन आले. त्या मोहिमेत शमशेर पुन आणि मनबहादूर असे दोघे इतरत्र दगावले. मनबहादूर हा चांभारकाम करणारा होता. स्मारकाच्या दगडांवर मॅलरी-आयर्विन यांच्याबरोबर या दोघांचीही नावे कोरली गेली. ज्यांच्या पायतणांची तो दुरुस्ती करी, त्यांच्याच पंक्तीला त्याचे नाव लागले.

याच मोहिमेपासून उंचावर ओझे नेणाऱ्या निवडक हमालांना 'टायगर' म्हणू लागले. १९२८ साली हिमालयन क्लब स्थापन झाला. (त्याचे मुख्य कार्यालय आज आपल्या मुंबईत आहे.) दार्जिलिंगच्या शाखेने शेर्पांची नोंदवही ठेवली, प्रत्येकाला मागील मोहिमांचे दाखले असलेले पुस्तक दिले, दर बांधून दिले, आणि पुढे टायगरचा बिल्लाही दिला. या नोंदवहीकडे आम्ही दोन्ही अंगांनी पाहतो. नोंद नसलेला मजूर म्हणजे वाऱ्यावरचे पान. दर बांधलेला असला की निदान त्याखाली कोणी ढकलू शकत नाही. आमच्या माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा झाला, त्याचा पायाही नोंदणी हाच आहे. पण दार्जिलिंगची वही नेमणूक करणाऱ्यांच्या हाती होती. साहेबाचा शेरा वाईट पडला, की पुढच्या वर्षी रांगेत उभे राहण्यात अर्थ नसे. माथाडी मंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसतात. त्या वहीशेजारी बराच काळ कोणी शेर्पा बसला नव्हता.

दाखला नसलेल्या माणसाचे काय होई, याचे उदाहरण खुद्द तेनझिंगचे आहे. १९३३ च्या मोहिमेसाठी तो रांगेत उभा राहिला, पण लांब केस कापून नेपाळी कपडे घातल्यामुळे तो शेर्पाच वाटला नाही आणि बाहेर पडला. १९३५ साली एरिक शिप्टन आला, तेव्हा याच्याकडे दाखला नव्हताच. तरी शेवटच्या क्षणी दोन माणसे जास्त घ्यायची ठरली आणि शिप्टनचे बोट याच्याकडे वळले. रोज बारा आणे. हिमरेषेच्या वर गेल्यास एक रुपया. त्या चार आण्यांच्या फरकात थंडी होती, विरळ हवा होती, आणि मरणाचा धोकाही होता.

त्या धोक्याचे हिशेब दूरच्या पर्वतांवर लिहिले गेले, कारण दार्जिलिंगची ही माणसे थेट काश्मीरपर्यंत नेली जात. तेथील नंगा पर्वतावर १९३४ मध्ये जर्मन मोहीम वादळात सापडली. तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले. गायले नावाचा शेर्पा आपला नायक मर्कल याच्याजवळ थांबला आणि त्याच्याबरोबरच संपला. १९३७ मध्ये त्याच पर्वतावर एका रात्री कडा कोसळून सोळा माणसे गाडली गेली; त्यांत नऊ शेर्पा. १९३९ मध्ये काराकोरममधील के-टू शिखरावर वुल्फ हा अमेरिकन एकटा वर अडकला, तेव्हा पासांग किकुली आणखी दोघांना घेऊन त्याला आणण्यासाठी पुन्हा चढला. चौघांपैकी एकही परतला नाही.

या माणसांबद्दल युरोपच्या पुस्तकांतून भरभरून लिहिले गेले. 'निष्ठा' हा शब्द तर पानोपानी भेटतो. आम्हांस त्या शब्दाचे वावडे नाही. किकुलीने जे केले ते कोणत्याही रोजाने विकत मिळत नाही. परंतु आमचा अनुभव असा, की मालक जेव्हा कामगाराच्या निष्ठेचे फार कौतुक करू लागतो, तेव्हा भरपाईचा कागद पाहून घ्यावा. कौतुकाला पैसा पडत नाही.

हा कागद हाती घेण्याचा प्रयत्न शेर्पांनी स्वतःच केला. दार्जिलिंगला त्यांची एक बौद्ध संस्था होती, मूळ धर्मकार्यासाठी निघालेली. १९५० नंतरच्या काळात तिला मजुरांच्या संघटनेचे रूप आले. माणसे पुरविणे, क्लबच्या दराहून अधिक मजुरी मागणे, जखमींना व मृतांच्या कुटुंबांना भरपाई मिळवून देणे, ही कामे ती करू लागली, आणि तेनझिंग तिचा अध्यक्ष झाला. एव्हरेस्टवर पाय ठेवणारा माणूस कामगार संघटनेचा पदाधिकारी होता, हे आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आम्हांस कधी आढळले नाही!

१९५३ ची मोहीम म्हटली की आपल्याला २९ मे आठवतो. आम्ही मार्च महिना सांगतो. काठमांडूत आलेल्या शेर्पांना ब्रिटिश वकिलातीच्या आवारातील एका गॅरेजमध्ये झोपविण्यात आले. तेथे शौचकूप नव्हता. आदल्याच वर्षी स्विस मोहिमेने तेनझिंगला बरोबरीचा सभासद मानले होते आणि तो लँबर्टसह सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेला होता; ती वागणूक या माणसांच्या स्मरणात ताजी होती. सकाळी उठून त्यांनी गॅरेजसमोरच्या रस्त्यावर उघड्यावरच लघवी करून निषेध नोंदविला. वकिलातीत मोठा गहजब झाला. पुढे चढाईचे कपडे व साहित्य कोणाच्या मालकीचे यावरूनही तंटा झाला. वरवर पाहता क्षुल्लक गोष्टी. पण मोहीम संपल्यावर ते कपडे विकून शेर्पाचे घर काही महिने चाले, म्हणजे तो मजुरीचाच भाग होता. हंट हा मोहिमेचा नायक लष्करी शिस्तीचा असला तरी समंजस होता, आणि तेनझिंग दोन्ही बाजूंमध्ये उभा राहिला, म्हणून प्रकरण निभावले.

त्याच मोहिमेचे सामान भातगावहून थ्यांगबोचेपर्यंत वाहिले ते सुमारे साडेतीनशे हमालांनी. दरडोई ६० पौंड, सतरा दिवसांची चाल. डोंगरात कागदी नोटा चालत नसल्याने मजुरीची नाणी पेट्यांत भरली होती, आणि त्या पेट्या वाहायलाही वेगळे हमाल लागले. हे शेर्पा नव्हेत. बहुतेक खालच्या डोंगरांतले. डोक्याला अडकवायचा नाम्लो हा पट्टा, पाठीवर डोको ही टोपली, आणि उभ्या उभ्या ओझे टेकवायला हातात आखूड काठी. नेपाळीत यांना भरिया म्हणतात. त्यांच्या टोळीच्या मुकादमाला नाइके म्हणतात, आणि तोही आमच्याकडल्याप्रमाणेच मजुरीतून आपला वाटा कापून घेई. त्या साडेतीनशेंतील एकाचेही नाव शाळेतील मूल सांगू शकणार नाही.

पुढच्याच वर्षी के-टू सर करणाऱ्या इटालियन मोहिमेत हुंझाचा अमीर महदी हा हमाल बोनात्तीबरोबर प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन ८,००० मीटरच्या वर गेला. वरचा तंबू ठरलेल्या जागी नव्हता. दोघांनी उघड्या बर्फात रात्र काढली. महदीच्या पायांची सर्व बोटे गेली. ती रात्र कोणामुळे काढावी लागली यावर इटलीत पन्नास वर्षे वाद चालला. शेवटी बोनात्तीचे म्हणणे मान्य झाले. त्या वादात महदी बहुतेक वेळ साक्षीदार म्हणूनच राहिला, फिर्यादी कधी झाला नाही.

आता १८ एप्रिल २०१४ कडे येऊ. एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले. तिघांचे देह मिळालेच नाहीत. सरकारने अंत्यविधीसाठी प्रत्येकी ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. या वेळी मात्र तळावरची माणसे गप्प राहिली नाहीत. त्यांनी मागण्यांचे निवेदन दिले आणि वर चढण्यास नकार दिला. परवान्याचे पैसे भरून आलेले शेकडो गिर्यारोहक तळावर बसून राहिले आणि दक्षिण बाजूचा हंगाम जवळजवळ पुरता बुडाला. किमान आयुर्विमा दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपयांवर गेला. काही पाश्चात्त्यांना याचे फार वाईट वाटले. शेर्पा पूर्वीसारखे राहिले नाहीत, असे सूर निघाले. आम्हांस ते वाचून गिरणीच्या जुन्या फाटकाजवळचे बोलणे आठवले.

बंद पडलेल्या हंगामाने पंधरा लाख मिळवून दिले, ते उंचावरच्या माणसाला. खालच्या वाटेवरील भरियाची गोष्ट वेगळी राहिली. १९६४ मध्ये जिमी रॉबर्ट्स याने काठमांडूत पहिली ट्रेकिंग कंपनी काढली, तेव्हापासून पायी फिरणारा सामान्य प्रवासी हाच मोठा मालक झाला. आज त्यांत पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची माणसेही असतात. आजारी पडलेल्या एका तरुण हमालाला वाटेतच एकटे सोडून दिल्याने तो मेला, त्यातून १९९७ मध्ये हमालांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघाले. पेरू देशाने २००१ मध्ये हमालांसाठी वेगळा कायदा करून ओझे २० किलोवर आणले. आणि नेपाळात आज कंपन्यांचे मालक अनेकदा शेर्पाच असतात. एके काळी रांगेत उभे राहणाऱ्यांची नातवंडे आता अंगणात उभी राहून बोट दाखवितात, आणि समोर डोको घेऊन तामांग नाही तर राई पोरगा असतो. मजुरी कंपनीला दिली जाते. नाइकेमार्फत त्यांतील किती त्याच्या हाती पडते, परतीच्या रिकाम्या वाटेचा रोज धरला आहे का, विम्याच्या कागदावर त्याचे नाव आहे का, रात्री त्याला पांघरूण काय, हे त्या पोराला त्याच्या पाठीवरच्या पिशवीच्या मालकाने थेट विचारता येते. भाषेची फारशी अडचण पडत नाही. नेपाळी हमालाला आपली हिंदी बहुधा समजते.